हलका स्वार

२५ फेब्रुवारी १९७३, रविवार

खर्चाच्या वहीची मागची पानं ह्यांनी मागितलीच! "तू मॅट्रिक हायस. तीन रकाने आख, बाकी आमी सांगतो." आबासाहेब सोसायटीचे चेअरमन, हे सेक्रेटरी — नाही म्हणायची सोय नाही. हनुमान जयंतीच्या जत्रेत आबासाहेबांची चंद्री घोडी पळणार. पैजा लागणार. पण घोडीचं पळणं पारखायचं कशावरून? पारावर रोज हेच भांडण. हे म्हणतात घड्याळ. मेंढरं राखणारा धुळाजी म्हणतो नजर — कान, नाकपुड्या, घाम. आबासाहेब म्हणतात वर बसणाऱ्याचं वजन. तिन्ही लिहून बघायचं ठरलं.

मारुतीराया, मी काही लावत नाही. नुसतं लिहिते.

४ मार्च, रविवार

तळं आटलंय, त्याच्याच पोटात घोड्या पळवतात. आसपासच्या गावच्या तिघी आणि चंद्री. चंद्रीवर आमचा सुग्रीव. दीर म्हणायचा, पण सासूबाई गेल्या तेव्हा चार वर्षांचा होता, माझ्या हातचं खाऊन वाढला. आता सतरावं चालू आहे. पहिला आला! आल्या आल्या — "वैनी, वहीत माझं नाव लिवा, घोडीचं कशाला?" म्हटलं, "नाव घोडीचं, वजन तुझं." हसला. रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या त्या तांबड्या, घशाला टोचणाऱ्या भाकरी चार खाल्ल्या, वर पाचवी मागितली.

८ मार्च

विहिरीत तांब्या बुडेना.

११ मार्च, रविवार

रकाने बोलायला लागले! घड्याळ घोडी एकटी पळताना खरं, चौघी सुटल्या की खोटं. धुळाजीची नजर आधी चुकत नाही, पण एकदा एखादी घोडी मनात भरली की मग तिचंच सगळं चांगलं दिसतं. वजन मात्र — तीच चंद्री, आबासाहेबांचा थोराड गडी सिदू बसला की मागे, सुग्रीव बसला की पुढे. दर खेपेला. स्वार हलका तेवढी घोडी पुढे.

आबासाहेब घरी आले होते. उंबऱ्याआडून वाचून दाखवलं. "मुक्ताबाई, तुमी तर आमच्या सोसायटीत पायजे होतात!" धुळाजी ओसरीखालून म्हणाला, "काट्यावर दाणं तोलत्यात बाई, जीव न्हाई." सगळे हसले त्याला. मीही हसले. लई बरं वाटत होतं. आत येऊन चुलीशी बसले तरी वाटतच होतं.

१७ मार्च, शनिवार

सुग्रीवनं आज माझ्याबरोबर शनिवार धरला — मी न सांगता! "मारुती पळणाऱ्याचाच देव हाय की, वैनी." डोळे भरून आले. सासूबाई असायला हव्या होत्या.

२६ मार्च, सोमवार

आता सोमवारही करतो. मारुतीपुढे बराच वेळ बसतो म्हणे. उरल्या भाकरी शेजारच्या भिवराबाईच्या पोरांना दिल्या. या महिन्यात धान्यही पुरलं. देव बघतो.

१ एप्रिल, रविवार

हे जेवताना सहज बोलून गेले. सोसायटीच्या धान्याच्या काट्यावर दर रविवारी सुग्रीवला बसवतात. "चार किलो उतरलाय. आबासाहेब खूश हायेत. घोडी आली तर कारखान्यात चिकटवतो म्हणलेत त्याला."

घास हातातच राहिला. म्हणजे ते शनिवार, ते सोमवार —

"त्याला उपाशी ठेवता? कशापायी?"

"आमी कुठं? तूच तर काढलंस. तुझंच गणित."

६ एप्रिल

समोर बसवून वाढलं. ताट सरकवलं. "जत्रेपतुर दम धरा, वैनी. मग तुमची दुरडी रिकामी करतो." मारुतीची शपथ घातली. म्हणाला, तीच शपथ मी आधी घेतलीय.

भर उन्हात घोंगडं पांघरून तळ्यात पळतो — घाम काढायला! भिवराबाई पाहून आली.

१३ एप्रिल, शुक्रवार

धुळाजी दारात उभा. "घोडीकडं बघायचं सोडलं म्या. पोराकडं बघतो. त्याच्या कानातून ऊन आरपार दिसतंय, बाई. मेंढरू असं झालं तर मी कळपामागं सुदिक चालवत न्हाई."

डोक्यावर पदर घेऊन तडक आबासाहेबांच्या वाड्यावर गेले. म्हटलं, माझं चुकलं, घड्याळच खरं. जन्मात पहिल्यांदा मुद्दाम खोटं बोलले. ते हसले. "आता मागं सरू नका. तुमच्या रकान्यावर अख्खं गाव लागलंय."

ह्यांनी किती लावलं ते सांगत नाहीत.

१६ एप्रिल, सोमवार

उद्या जत्रा. आता पाणीही घेत नाही. चूळ भरतो, थुंकतो. ज्या गावात घागरीवरून डोकी फुटतात तिथं हा पाणी थुंकतो! "वैनी, तांब्याभर पाण्याचं वजन किती भरंल?" मला येतं. सांगितलं नाही.

देवा, लग्नापासून हनुमान जयंतीचा उपास चुकवला नाही. उद्या मोडते. मी जेवते, पण त्याच्या तोंडात घास जाऊ दे.

१७ एप्रिल

चंद्री पहिली आली.

पाठीवर कुणी नव्हतं. सुग्रीव वळणावरच चक्कर येऊन पडला होता. उचलायला चौघं धावले. धुळाजीनं एकट्यानं आणला, एका हातावर, कोकरासारखा.

तोंडात पाणी घातलं. आत गेलं नाही.