गोष्टीतली शेवंता

मालुआक्का,

निपाणीला तुझे गुडघे कसे आहेत? इकडं शहापुरात मी आणि हे, दोघं वाचनालयात आपल्या आवडत्या लेखकाच्या तोंडून गोष्ट ऐकायला गेलतो. नातवंडं हसली, तरी आपल्याच मागावरचं नवं लुगडं नेसले. लेखक लई बारका, आवाज मात्र ढोलासारखा.

शेवंताचीच गोष्ट होती. मी मागासाठी सुताच्या कांड्या भरताना हे नेहमी वाचून दाखवतात ती. ह्यांच्या वाचण्यात शेवंता बाळाला घेऊन बैलगाडीनं माहेरी येते. लेखकाची शेवंता बाळंतपणातच मेली. तेवढ्यात पुरुषांत बसलेल्या ह्यांना असा खोकला लागला, की सगळे वळून बघायला लागले.

माझी लेक मनू बी तशीच गेली, आक्का.

वाटेत हे म्हणाले, “लेखक म्हातारा झालाय गं. शेवट विसरला.”

“व्हय,” म्हटलं, “तुमच्यावानी पाठ न्हाय त्याला.”

आज कांड्या भरताना तीच गोष्ट वाचायला लावली. गाडी दारात आली, बाळ रडलं. लई बरं वाटलं.

टपाल हेच टाकतात, आणि वाचल्याबिगर टाकत न्हाईत. म्हणून हे पत्र कांड्यांच्या बुट्टीत तळाला ठेवते.

तुझी धाकटी,
दुर्गी