खिडकी सात वितींची

ती. आईस दोन्ही हात जोडून नमस्कार.

मी बरी आहे. काम वेळेवर संपतं, जेवणही वेळेवर होतं.

बाबांच्या खोलीला पडदा कुठला, असं विचारलंस. जाड कापडाने दुपारचं ऊन अडेल, पण ते ओढायला जड. पातळ कापडालाच अस्तर लाव आणि वर मोठ्या कड्या घे. एका बोटाने सरकेल.

मापाचं मात्र जुळत नाही. चार वर्षांपूर्वी हीच खिडकी तू सात विती मोजलीस. तेव्हा मी पट्टी लावून पाहिलं होतं, तुझी वीत वीस सेंटिमीटर होती. आता तू आठ विती लिहितेस. खिडकी काही वाढत नाही, आई. म्हणजे तुझी वीत साडेसतरावर आली.

फोनवर म्हणालीस, "काही नाही गं, थंडीने बोटं जरा आखडतात." कधीपासून? सुई धरता येते? बाबांना सांगितलंस?

पडदे शिंप्याकडे दे. आणि उजवा पंजा कागदावर ठेवून बाबांकडून भोवती पेन्सिलीची रेघ मारून घे. ते विचारतील, "पडद्याचं माप घेतेस की बांगडीचं?" विचारू देत.

फक्त बोटं जोर लावून ताणू नकोस. मला खरं माप हवं आहे.

वाट पाहणारी,
तुझी धाकटी