भाऊला दाखवायला नेलं, त्याची हकीकत

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. गुडघे तुला जिना चढू देतात की नाही, ते कळव. आमच्याकडे सगळे बरे आहेत, भाऊ सोडून. आणि भाऊच्या मते सगळे बिघडलेत, तो सोडून.

तीस वर्षं त्याने दुकानादुकानांतले तराजू तपासले. तेव्हा संशय घेण्याचा पगार मिळायचा (दोनदा शाबासकीही मिळाली). निवृत्त झाल्यापासून तेच काम तो घरी फुकट करतो. फिरायला जाताना, कुणी आत गेलं तर कळावं म्हणून खोलीच्या दाराला दोरा लावून जातो, माझी बायको स्वयंपाकघरात हसली की कुणाला हसली ते विचारतो. महिनाभर आमच्या हातचं जेवलेला नाही. नुसत्या बिस्किटांवर आहे, सदरा अंगावर लोंबतो. शेवटी 'माझं बीपी दाखवायचंय, सोबत चल' अशी थाप मारून मी त्याला नेलं. दारावर मानसोपचारतज्ज्ञांची पाटी. ती वाचून म्हणाला, "तुझं बीपी डोक्यात मोजतात काय रे?" आणि चालता झाला.

मग डॉक्टरीणबाईंपुढे मी एकटाच बसलो (पेशंटच्या खुर्चीत). त्या म्हणाल्या, हे वेड नव्हे, स्वभावाची घडणच तशी झालेली असते. वाद घालू नका, उगाच गोड बोलू नका, त्यांच्या पाठीमागे काही करू नका. विश्वास बसला तर स्वतःहून येतील; मग बोलून बोलून, सावकाश, फरक पडतो. "आणि तुम्ही त्यांना फसवून आणलंत. म्हणजे त्यांचा संशय खराच निघाला की!" पुढे विचारलं, याआधी कधी काही लपवलंत? मी 'छे!' म्हणालो. इतक्या सहज, की माझा मलाच संशय आला.

तुझा,
धाकटा

ता. क. आई अचानक गेली, असं आपण त्याला सांगितलं. ती रुग्णालयात आठ दिवस त्याला हाका मारत होती. तो दौऱ्यावर होता, आणि आला तर नर्सशी भांडेल म्हणून आपण कळवलं नाही. तू ये. मला एकट्याला हे सांगवत नाही.

आणखी एक ता. क. पाठीमागे काही करायचं नाही, म्हणून हे पत्र टाकण्याआधी त्यालाच वाचायला दिलं (सांगवत नव्हतं, ते असं उरकलं). दोनदा वाचलं त्याने. मग म्हणाला, "आठ दिवस?" मी मान डोलावली. पत्राची घडी घालून माझ्या हातात देताना त्याने विचारलं, "काय म्हणायची?" मी तेव्हा बाहेर बाकावर असायचो, आत तू होतीस. जुळवून सांगितलं तर तो ओळखेल. लवकर ये.