बर्फ अडवणाऱ्या पट्ट्या

मयूर विहार, दिल्ली
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय समता,

जयभीम. आम्ही दोघं ठीक आहोत. थंडीनं आईचा गुडघा कुरकुरतो, पण दुपारी ऊन चांगलं पडतं. ती खाली पार्कात जाऊन बसते आणि सोसायटीच्या सगळ्या भानगडी घेऊन वर येते. लिफ्ट पुन्हा बंद आहे.

फोन असताना बाबा पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. फोनवर मी ‘हूं’ म्हणून सुटतो, असं आईचं निरीक्षण आहे आणि ते बरोबर आहे. मराठी वाचताना अडलीस तर तिला विचार. तुला दिल्लीत वाढवलं आणि तुझं मराठी लंगडं राहिलं, हा दोष माझा. सोपा दोष आहे, म्हणून आधी घेतो.

विहीणबाई वॉकर धरून खोलीत चालतात, असं तू सांगितलंस. खुब्याच्या ऑपरेशननंतर या वयात तीन आठवड्यांत एवढं झालं, म्हणजे बाई चिवट आहेत. त्यांना माझा नमस्कार सांग. किंवा आत्ताच नको, हे पत्र पूर्ण वाचून झाल्यावर सांग.

आता छपराचं. ऑक्टोबरात मी तिकडे पहाडात तुझ्या घरी पहिल्यांदा आलो तेव्हा तुझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. उच्च जातीच्या ठाकुरांच्या घरात माझ्या मुलीचा कप वेगळा ठेवतील, असं मी तुला लग्नाआधी तोंडावर म्हणालो होतो. तू दिल्लीतली मुनिरक्याची खोली सोडलीस आणि अनिशबरोबर निघून गेलीस. मग गेल्या वर्षी तुझा फोन आला की, छपरावरच्या दगडी पाट्या सरकल्यात, खालची लाकडं कुजलीत, बर्फ पडायच्या आत तुम्ही बघाल का. बाप म्हणून बोलावलं असतंस तर मी आलो नसतो. इंजिनियर म्हणून बोलावलंस, मुकाट्यानं आलो.

विहीणबाईंनी पहिल्याच दिवशी मला आत नेऊन खोली ऊबदार ठेवणाऱ्या तुमच्या त्या लोखंडी तंदूरजवळ घरातल्यांच्या जागेवर बसवलं आणि स्वतः ताट वाढलं. मी जेवलो, पण नऊ वर्षं फुकट घालवली हे घासागणिक कळत होतं. त्यानंतर तुमच्या घरात आपला शब्द खाली पडू नये, असं मला फार वाटायला लागलं. पुढचं सगळं त्यातून झालं.

पाट्या काढून पत्रा घालायचा निर्णय माझा होता आणि तो चूक नव्हता. उतार नीट काढला, लाकडं बदलली. दौलतराम मिस्त्रीचा हात चांगला आहे. सरकारी नोकरीत मी असे चार मिस्त्रीसुद्धा पाहिले नाहीत.

पत्रा बसल्यावर दौलतराम म्हणाला, “साहब, अब ऊपर आड़ी पट्टियाँ लगेंगी. बर्फ रोकने के लिए.” मी नको म्हटलं. पट्टी बसवायची तर नव्याकोऱ्या पत्र्याला पन्नास ठिकाणी भोकं पाडावी लागतात. मी तीस वर्षं दिल्लीच्या सरकारी क्वार्टर्समधली गळती शोधत फिरलो, भोक दिसलं की माझ्या अंगावर काटा येतो. मी म्हटलं, उतार आहे, बर्फ आपोआप घसरेल. तो म्हणाला, “साहब, बर्फ पानी नहीं है. पानी बहता है. बर्फ बैठी रहती है, फिर एक साथ उठकर चल देती है. पत्थर पर टिकती है, टीन पर नहीं टिकती.” एकदा नाही, तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मी जरा मोठ्या आवाजात विचारलं, इंजिनियर तू की मी?

तू तेव्हा शाळेत शिकवायला गेली होतीस. अनिश बागेत होता, विहीणबाई आत. ऐकणारं कोणी नव्हतं.

जानेवारीत बर्फ पडला. दोन दिवसांनी ऊन आलं, म्हणून विहीणबाई राजमा निवडायला वळचणीखाली बसल्या आणि छपरावरचा सगळा बर्फ एकदम त्यांच्यावर आला. अनिशनं मला फोन केला. रडत होता. म्हणाला, “पापा, मिस्त्री ने पट्टियाँ ही नहीं लगाईं. इतनी लापरवाही.”

मी म्हणालो, हूं.

परवा तू सहज बोललीस की गावात आता दौलतरामला कोणी कामाला बोलावत नाही, शाळेच्या छपराचं कामही दुसऱ्याला गेलं. त्यानं मात्र माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर कोणी खरं मानलं असतं? तेव्हापासून एक गोष्ट डोळ्यांपुढून हलत नाही. काम चालू असताना मी आत तंदूरजवळ चहा प्यायचो आणि तो अंगणात पायरीखाली बसून, स्वतःच्या पिशवीतून आणलेल्या कपात. का, हे मी विचारलं नाही. मला विचारायची गरज नव्हती. ज्या कपावरून मी तुझ्याशी नऊ वर्षं बोललो नाही, तो माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि मी तंदूरजवळची जागा राखत बसलो. मला याची लाज वाटते, समता. छपराची चूक अडाणीपणाची होती. ही तशी नाही.

आईला काल सांगितलं. मेथी निवडत होती. जुडी बाजूला ठेवून म्हणाली, “पत्र लिहा. आणि हिंदीतही लिहा.”

म्हणून सोबत हिंदी पत्र आहे, उघडंच ठेवलंय. ते आधी विहीणबाईंना आणि अनिशला वाचून दाखव. मग दौलतरामच्या घरी जाऊन त्याला दे, आणि शाळेच्या मुख्याध्यापकांनाही एक प्रत दे. पट्ट्या त्यालाच बसवायला सांगा, तो म्हणेल तिथे, म्हणेल तितक्या. तोवर वळचणीखाली कोणी बसू नये, अजून बर्फ पडेल.

मी तिकडे पुन्हा यावं की नाही, हे विहीणबाईंनी ठरवावं. तू माझी वकिली करू नकोस. आणि बोलावलंच, तर माझा चहा पायरीखाली, दौलतरामच्या शेजारी दे.

नोकरीत प्रत्येक कामाच्या कागदावर शेवटी ‘देखरेख’ असं छापलेलं असायचं आणि त्यापुढे मला सही करावी लागायची. तुमच्या छपराचा असा कागद नव्हता, म्हणून इथे करतो.

तुझा बाबा

देखरेख : पद्माकर विठ्ठल वासनिक