गुरुवारच्या मंडळीचा ठराव

पप्पा, तुमच्या गुरुवारच्या भक्तीचं मी वाटोळं करून आले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काही चुकलं की पहिली धास्ती तुमचीच वाटते. म्हणून लिहायला बसले.

दिघीतलं आपलं स्वयंपाकघर आठवतं? गुरुवारी दुपारी मम्मी मोठ्या पातेल्यात चहाचं आधण ठेवतेय, तुम्ही शेजारच्या पत्र्याच्या हॉलमध्ये भक्तीसाठी सतरंज्या अंथरून हात धुवायला आत आलायत. नखांतलं कंपनीचं काळं ऑइल सुट्टीच्या दिवशीसुद्धा निघायचं नाही. मी तेव्हा शाळेत होते. तोंड वाकडं करून म्हणाले, "सगळ्या मुली रविवारी चर्चला जातात, आपल्याच घरात काय हे गुरुवारचं खूळ?" तुम्ही साबण खाली ठेवलात. "रविवारी माझ्या माणसांना शिफ्ट असते. कंपनीनं सुट्टी गुरुवारी दिली, म्हणून देवानं काय गेटवर ताटकळायचं? पुन्हा खूळ म्हणालीस तर बघ." आवाज चढवला नाहीत, पण मम्मीनंसुद्धा चहा ढवळायचा थांबवला होता. त्यानंतर मी जन्मात तो शब्द काढला नाही.

आता ऐका. आपल्या विभागीय मंडळानं नवीनच काढलंय. रविवारी ज्यांची उपस्थिती नाही, ती मंडळी स्वतंत्र चर्च म्हणून धरायची नाही. शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये विलीन करायची आणि हॉलला कुलूप लावायचं. आता हॉलमध्ये येतात ती लातूर-जालन्याकडची पोरं, चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणारी, त्यांच्या बायका, त्यांची लेकरं. रविवारी ती मशीनवर उभी असतात. म्हणून आपण मंडळाच्याही वरच्या महासभेकडे ठराव पाठवला, की गुरुवारची उपस्थितीही मोजावी. आणि तो घेऊन गेले मी, तुमची मुलगी म्हणून.

तुम्ही स्वतः एकदा आपल्या प्रेसबिटेरियन चर्चच्या त्या राष्ट्रीय महासभेला जाऊन आला होतात आणि मग वर्षभर दुसरं काही बोलत नव्हतात. युनियनच्या मीटिंगा बघून बघून तुम्ही विटलेले. "तिकडे कुणी कुणावर ओरडत नाही गं. आधी लहान लहान समित्या बसतात, प्रत्येकाचं ऐकून घेतात, मग विषय मोठ्या सभेत जातो. जे काय बोलायचं ते समितीतच बोलायचं." हे सगळं मी पाठ करून गेले होते. चिठ्ठ्या टाकून समित्या पाडल्या आणि मी नेमकी आपल्याच ठरावाच्या समितीत आले. मी म्हटलं, पप्पांनीच वरून काहीतरी केलं!

बोलले, पप्पा. चांगलं बोलले. शिफ्टचं सांगितलं, तुमच्या सतरंज्यांचं सांगितलं. एका बाईंनी डोळे पुसले. अध्यक्ष म्हणजे एक म्हातारे पाळकसाहेब, इतके सज्जन की त्यांचा राग करायचीसुद्धा सोय नाही. "बहनजी, आपकी बात दिल को छू गई," म्हणाले. मग कुणीतरी म्हणालं, विषय नाजूक आहे, विभागीय मंडळाला दुखवायला नको. कुणी म्हणालं, रविवार हा प्रभूचा दिवस, घाई नको. सगळे मऊ आवाजात. अध्यक्ष म्हणाले, चला, आधी प्रार्थना करू. मी मान खाली घातली. "हे प्रभु, इस विषय को हम और अध्ययन के लिए अपने भाइयों के विभागीय मंडल को सौंपते हैं, हमें एक मन दे." आणि सगळ्यांबरोबर माझ्याही तोंडून निघालं, "आमेन."

लहानपणापासूनची सवय. प्रार्थना संपली की आमेन, त्यात विचार कुठे करतो आपण? डोळे उघडले तर अध्यक्ष प्रेमानं माझ्याकडेच बघत होते. "सब ने आमेन कहा है, तो एकमत समझें?" हात वर करायचा होता मला. खरंच करायचा होता. पण आत्ता देवापुढे आमेन म्हटलं आणि लगेच नाही कसं म्हणायचं, पप्पा? तुम्ही म्हणाला असतात? मला सांगा ना.

एक गोष्ट तुम्ही कधी सांगितलीच नाहीत. समितीत एकानं जरी विरोध केला, तरी विषय मोठ्या सभेत उघडपणे चर्चेला येतो. ज्यांवर एकमत झालं, त्या सगळ्या विषयांची मात्र एक मोळी बांधतात आणि एका आवाजात मंजूर करतात. आपला विषय कुणी वाचूनसुद्धा दाखवला नाही. सगळे "हो" म्हणाले, बाहेर जेवणाची पानं मांडलेली होती. ज्या विभागीय मंडळाला हॉल बंद करायचाय, त्यालाच आता अभ्यास करायचाय, आणि अभ्यास होईपर्यंत त्यांचाच नियम लागू. यावर दाद मागायला जागा नाही. कुणी फसवलं असतं तर भांडले असते हो, पण इथे भांडायचं कुणाशी?

परत आल्यावर हॉलमध्ये उभी राहून सगळं सांगितलं, माझ्या आमेनसकट. मग चाकणला पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करणारा एक जण, कडेवर पोरगी घेऊन, म्हणाला, "ताई, तुमी लई केलं. पण मंग आमी गुरवारी जायाचं कुठं?" मी शहरातल्या चर्चचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "तिथं गुरवारी कुलूप असतंय." त्याला माहीत होतं. जाऊन बघून आला होता.

महिनाअखेर हॉलच्या किल्ल्या द्यायच्या आहेत. हे पत्र कुठे पाठवणार, माझ्याजवळच राहील. पण एक सांगून ठेवते, दुसऱ्या कुणाला सांगता येण्यासारखं नाही. त्या दिवसापासून मी भक्तीला बसते, गाणी म्हणते, प्रार्थनेला मान खाली घालते. शेवटी सगळे आमेन म्हणतात तेव्हा मी नुसते ओठ हलवते.