आतलं टोक

माधवनगर,
९ मार्च १९९७

प्रिय राजरत्नदादास,
दीपमालाचा सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही बरे आहोत. थंडी सरल्यापासून आईचा गुडघा हलका आहे. परवा ती एकटी जाऊन दळण घेऊन आली आणि दिवसभर तेच सगळ्यांना सांगत बसली. रोहनची दहावी कशी चाललीय? पेपर संपले की पाठव त्याला आत्याकडे. वहिनींनाही जयभीम सांग.

आता तुझ्या पत्राचं. ‘मशीनच्या गोंगाटात नीट ऐकू आलं नाही, माझा गैरसमज झाला, एवढं लिहून दे, बाकीचं मी बघतो,’ असं तू लिहिलंस. नाही देणार. खरं तर इथंच पत्र संपलं, पण तू मोठा भाऊ आहेस म्हणून पुढचं लिहिते.

साताऱ्याच्या हेड ऑफिसात बसून आमच्या शेडमधली रीत तू विसरला असशील. टेलिफोनची केबल ड्रमवर गुंडाळून झाली की बाहेरच्या टोकाला फोन लावून मी बसते. आतल्या टोकाला टेस्टच्या खोलीची वायर जोडतात आणि तिथं बनुबाई दार लावून बसते. मी विचारायचं, “जेवलीस का?” तिनं म्हणायचं, “जेवले.” एवढं ऐकू आलं की ड्रमवर खडूनं फुली. नवीन केबलमधून पहिलं बोलणं जेवणाचंच, हे आमच्या आधीच्या बायकांपासून चालत आलंय.

बँकेचे साहेब माल बघायला आले त्या दिवशी पुढच्या रांगेतले ड्रम छान बोलले. मग ते म्हणाले, “मागचा एखादा लावा.” मॅनेजरचा चेहरा उतरला. आम्ही ड्रम लावला. मी फोन कानाला लावते न लावते तोच खोलीचं दार उघडून बनुबाई ओरडली, “जेवले सायेब, जेवले! लय झ्याक ऐकू येतंय!”

दादा, मी अजून विचारलंच नव्हतं रे!

बँकेचे साहेब हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बाई, तुम्ही सांगा.” मी सांगितलं, “न्हाई सायेब. ह्यात आवाज न्हाई.” त्यांनी वरची केबल सोडायला लावली. दोन थरांखाली नुसतं लाकूड. आतलं टोक म्हणून वीतभर तुकडा खिळ्यानं ठोकलेला.

कंपनीत सरकारचा निम्मा हिस्सा आहे, सरकार बुडू देणार नाही, हे ऐकून आमचे कान किटले. त्याच भरवशावर वरच्या साहेबांनी जुन्या कर्जाचं व्याज भरायला नवं कर्ज काढलं. मग गोदामातला माल दाखवून आणखी काढलं, आणि माल पुरेना तेव्हा लाकूड दाखवलं. उद्या गेटला कुलूप लागलं तर म्हणायला मोकळे, की कामगारच जास्त झाले होते. आम्ही गुंडाळलेल्या प्रत्येक केबलमधून माणसं बोलतायत. आमच्या नावावर ही पोकळ लाकडं मी खपवून घेणार नाही.

तू लिहितोस, ‘तुला काय माहीत, त्यात माझी मान अडकेल.’ माहीत होतं, दादा. आदल्या दिवशी मालाची मोजणी तूच करून गेला होतास. त्या संध्याकाळी घरी आलास, चहालाही थांबला नाहीस, आणि जाताना दारात म्हणालास, “उद्या मागच्या रांगेला हात लावू नका.” फोन कानाला होता तेव्हा मला तेच आठवत होतं. तू आपल्या वस्तीतला पहिला साहेब. तुझ्या नेमणुकीचे पेढे मी घरोघर वाटलेत. तरीही मी ‘न्हाई’ म्हणाले. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच म्हणेन. वाईट वाटलं, रडलेसुद्धा, पण पस्तावले नाही.

तुला वाटतं मॅनेजर तुला वाचवील. अरे, मोजणीसाठी तुला पुढं केलं ते कशासाठी? हुकूम त्यांचा आणि सही तुझी. चौकशीत ते सरळ हात वर करतील.

बनुबाई आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हती. काल घरी आली, आईजवळ बसली आणि म्हणाली, “माज्या कानात कायबी आलं न्हवतं गं. नोकरीच्या भ्यानं वरडले. आता मीबी खरं सांगणार.” तेव्हा सतरा तारखेला, सोमवारी, चौकशीला आम्ही दोघी साताऱ्याला येतोय. आमची नावं कामावरून काढायच्या यादीत घातलीत म्हणे. घालू देत.

आईला सगळं सांगितलं. तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, “त्याला म्हणावं, नोकरी गेली तर घरला ये. भाकरी हाय. पर खोटं बोलून येऊ नगंस.”

सोमवारी तू टेबलाच्या पलीकडे, साहेबांच्या रांगेत बसलेला असशील. हुकूम कुणाचा होता ते तू सांगितलंस तर आपण तिघं होऊ. नाही सांगितलंस तरी मी आणि बनुबाई सांगणारच. पण आत जाण्याआधी, सगळ्यांच्या देखत मी तुला विचारणार आहे, “दादा, जेवलास का?” डबा आणते आहे, आईच्या हातचा.

मी विचारीपर्यंत थांब, आणि मग खरं ते सांग.

या टोकाला बसलेली,
तुझी दीपा