पदराखालची जखम

मैंदर्गी, ९ एप्रिल २०२५

सौ. नीलम्मास, चनमल्लप्पाचे अ. उ. आ.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. तुझ्या अक्काच्या, सिद्धम्माच्या मेंदूतली गाठ ऑपरेशननं निघाली तेव्हा वाटलं, सुटलो. महिनाभर घरी बरी होती. मग जखमेत पू झाला आणि पुन्हा सोलापूरचा दवाखाना. मला मात्र म्हशीचं कारण काढून तू परत धाडलंस. म्हैस काय, शेजारचा चन्नवीरही पिळतो की.

जखम कशी आहे? ताप उतरला का? मला झोप नाही. आणि एक गोष्ट सलते. महिनाभरात तिनं मला डोकं दाखवलं नाही. पदर कानापर्यंत घट्ट. बघू म्हटलं की भिंतीकडं तोंड. तिथं मात्र तुझ्यापुढं उघड्या डोक्यानं बसते, हसतेसुद्धा, असं तुझे यजमान गुरुशांत सांगून गेले. तेव्हापासून भाकरी उतरत नाही. संसार माझ्याशी आणि विश्वास बहिणीवर?

लोभ सगळा अक्कावरच सांडू नको, दोन थेंब इकडंही येऊ देत.

सोलापूर, १३ एप्रिल

ती. दाजींस, नीलम्माचा सा. न. वि. वि.

जखम उघडून पुन्हा धुतली; कवटीचं हाड काढावं लागलं नाही. पू तपासून औषध बदललं, ताप उतरला. डॉक्टरांनी विचारलं, लाली आधीच आली असणार, घरात कुणी पाहिली कशी नाही? अक्का रडायला लागली.

दाजी, तुम्ही जळता ते कळतं. पण लग्नापासून तिच्या वेणीचं कौतुक कुणी केलं? अक्कलकोटला गेलात की गजरा कुणी आणला? तुम्हीच ना? भादरलेलं डोकं तुम्हाला दिसू नये म्हणून ती या उन्हात पदर आवळून बसली. घामानं जखम ओली राहिली, चिघळलेली कुणाला दिसलीच नाही. माझी तिला कसली लाज? लहानपणी मी तिच्या उवा काढल्यात.

आता रोज कुणीतरी हात धुऊन, उजेडात जखम बघायची. लाली, सूज, पाणी दिसलं की त्याच दिवशी दवाखाना. तेल नाही, भस्म नाही. ती मलाच सोबत चल म्हणते. येऊ का?

रागासकट लोभ असू द्यावा.

मैंदर्गी, १७ एप्रिल

सौ. नीलम्मास, अ. उ. आ.

येऊ नको. खाट दाराशी आणली आहे, तिथं सकाळचं ऊन येतं. साबण नवा आहे. अक्कलकोटला जाऊन चष्म्याचा नंबर वाढवून आणला. गजरेवालीनं हाक मारली, तिला नको म्हटलं. अक्काला सांग, केस कधी येतील ते मी विचारणार नाही. ती हो म्हणाली तरच बघीन. पण तू बघितलंस तेवढं पुष्कळ झालं. आता पाळी माझी.

तुझ्यावर लोभ आहे, थोडा राग उरला आहे.

सोलापूर, २२ एप्रिल

आपल्या शिवलीलाच्या बाबांना सिद्धम्माचा नमस्कार.

रविवारी सोडतात. नीलम्माला येऊ नको म्हटलं. हसायचं नाही, एवढं कबूल करा. चष्मा पुसून ठेवा.